कधीच न दिलेले निकाल: एआयमुळे वकिली कशी बदलते आहे

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराच्या एका प्रकरणात निकाल दिला. ‘केएमजी वायर्स’ या कंपनीने आपलं वर्षाचं उत्पन्न सुमारे ३ कोटी ९ लाख रुपये दाखवलं होतं. आयकर खात्याने ते सुमारे २७ कोटी ९१ लाख धरलं आणि आपल्या आदेशात तीन न्यायनिवाड्यांचा आधार दिला. ते निवाडे शोधूनही सापडेनात, कारण असे निवाडे कुठल्याच न्यायालयाने कधी दिले नव्हते.

न्यायमूर्ती बी. पी. कुलाबावाला आणि अमित जामसांडेकर यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि प्रकरण नव्याने विचार करण्यासाठी परत पाठवलं. एआयच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या उत्तरांवर विसंबण्याकडे कल असतो, पण अर्धन्यायिक अधिकार, म्हणजे न्यायालय नसूनही निवाडा करण्याचा अधिकार, वापरताना अशी उत्तरं पडताळल्याशिवाय वापरायची नाहीत, असं खंडपीठाने बजावलं.

अधिकाऱ्याने कागदावर सही केली, आणि जे अस्तित्वातच नाही त्याचाही आधार घेऊन एका करदात्याच्या उत्पन्नात जवळपास पंचवीस कोटींची भर पडली. एआयमुळे वकिलीत काय बदलतंय हे समजून घ्यायचं तर या तीन निवाड्यांपासूनच सुरुवात केलेली बरी.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. या प्रकारातला जगभर गाजलेला पहिला खटला न्यूयॉर्कमधला आहे, ‘माटा विरुद्ध एव्हियांका’. विमानात खाद्यपदार्थांची ढकलगाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने विमान कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. त्याच्या वकिलांनी २०२३ मध्ये न्यायालयात जे लेखी म्हणणं दिलं, त्यात अर्धा डझन निकाल बनावट निघाले. त्यातला एक ‘वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स’. नाव ऐकलं तर वाटतं, असेल बुवा एखादा खटला. संशोधन करणाऱ्या वकिलाला वकिलीचा तीस वर्षांचा अनुभव होता. त्याने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, की हा निकाल खरा आहे ना? चॅटजीपीटीने सांगितलं, हो. न्यायाधीश केव्हिन कॅस्टल यांनी ५,००० डॉलरचा दंड केला. शिवाय, ज्या न्यायाधीशांच्या नावावर ते खोटे निकाल खपवले गेले होते, त्या प्रत्येकाला पत्र लिहून कळवायला लावलं.

जून २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात दाखल कागदांत ४५ निकालांचे हवाले होते. त्यातले १८ निकाल अस्तित्वातच नव्हते.

यंत्र खोटं का बोलतं?

खरं तर ते खोटं बोलत नाही. खोटं बोलायला खरं काय ते आधी ठाऊक असावं लागतं.

चॅटजीपीटीसारखं यंत्र प्रचंड मजकूर वाचून एक गोष्ट शिकलेलं असतं: इतके शब्द आले की पुढचा शब्द बहुधा कोणता येतो. आपल्या कोर्टातलं उदाहरण घ्या. ‘अर्जदाराने दाखल केलेला अर्ज’ एवढं कानावर पडलं की बाकावर बसलेल्या वकिलाच्या मनात पुढे ‘मंजूर करण्यात येत आहे’ किंवा ‘फेटाळण्यात येत आहे’ हे आपोआप उमटतं. वीस वर्षं तेच ऐकल्याची ती सवय असते. यंत्राचंही तसंच, फक्त त्याने ऐकलेल्या मजकुराला सीमा नाही.

आता निकालाचा हवाला कसा दिसतो ते पाहा. ‘एआयआर १९७८ एससी ५९७’. नागपूरहून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चा १९७८ चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान ५९७. हा मेनका गांधी खटला. तो हजारो निकालांत, पुस्तकांत, लेखांत उद्धृत झालेला आहे, म्हणून यंत्र तो बहुतेक वेळा बरोबर सांगतं. पण तुम्ही विचारलंत, ‘सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या वीजबिलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल द्या’, तर तसा मजकूर त्याने फारसा वाचलेला नसतो. पण हवाल्याचा साचा मात्र त्याला तोंडपाठ असतो: दोन नावं, मध्ये ‘विरुद्ध’, एक साल, एक पान. साचा आहे आणि प्रश्न समोर आहे, म्हणून ते साचा भरतं. भरलेला साचा खऱ्यासारखाच दिसतो, कारण खऱ्यासारखं दिसणं एवढंच ते शिकलेलं आहे.

म्हणूनच ‘हे खरं आहे का’ असं त्यालाच विचारण्यात काही हशील नाही. ते दफ्तर उघडून बघत नाही. त्या प्रश्नालाही जे उत्तर शोभेल ते देतं.

यावर उपाय निघाला आहे. कायद्याच्या माहितीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या निकालांच्या साठ्याला हे यंत्र जोडलं. प्रश्न आला की ते आधी साठ्यात शोधतं, सापडलेले निकाल समोर ठेवतं आणि मगच उत्तर लिहितं. पुस्तक उघडं ठेवून दिलेली परीक्षाच म्हणा. यामुळे पूर्ण बनावट निकाल खूपच कमी झाले. पण स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या अशा साधनांची तपासणी केली, तेव्हा सहापैकी किमान एका प्रश्नाला चुकीचं किंवा आधार नसलेलं उत्तर मिळत होतं. ही पैसे देऊन घ्यायची, वकिलांसाठीच बनवलेली साधनं होती.

पुस्तक समोर असूनही चूक होते, कारण निकालपत्र हे सरळ वाचायचं पुस्तक नाही. त्यात आधी हकीकत येते. मग वादीच्या वकिलाचं म्हणणं, मग प्रतिवादीच्या वकिलाचं, मधेच जुन्या निकालांतले लांबलचक उतारे, आणि कुठे तरी शेवटच्या भागात न्यायालयाचं स्वतःचं मत. हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद पानभर असतो आणि भाषाही ठाम असते. यंत्र तोच उचलून ‘न्यायालयाने असं म्हटलं’ म्हणून देऊ शकतं.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. १९७६ चा एडीएम जबलपूर खटला घ्या. आणीबाणीत नागरिकाला स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दादच मागता येणार नाही, असं चार न्यायमूर्तींनी ठरवलं, आणि एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी विरोधात निकाल लिहिला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल मोडीत काढला. पण १९७६ ची पानं आजही जशीच्या तशी आहेत. फक्त तेवढीच पानं वाचली तर तो निकाल मेलेला आहे हे कळायला काही मार्ग नाही. निकाल जिवंत आहे की नाही, हे त्याच्या बाहेर पाहून ठरतं. नवोदित वकिलाला सीनियर हेच आधी शिकवतात.

जिथे यंत्र खरोखर उपयोगी पडतं

इतकं सगळं असूनही एआय वकिलीतून हद्दपार होणार नाही, आणि व्हावं असं मलाही वाटत नाही. वकिलीचा मोठा भाग युक्तिवादाचा नसतोच. तो वाचण्याचा असतो.

अमेरिकेत मोठ्या दाव्यांत दोन्ही बाजूंना आपापले ईमेल आणि कागद एकमेकांना द्यावे लागतात. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका दाव्यात असे सुमारे ३० लाख ईमेल होते. न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी तिथे पहिल्यांदा यंत्राकडून छाननी करायला मान्यता दिली. अनुभवी वकिलांनी काही हजार ईमेल स्वतः वाचून ‘कामाचा’ किंवा ‘बिनकामाचा’ असं ठरवायचं, त्यावरून यंत्राने शिकायचं आणि उरलेल्यांची क्रमवारी लावायची. तांदूळ निवडताना खडा कसा दिसतो ते एकदा दाखवून द्यावं, तसं. चॅटजीपीटी येण्याच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट.

भारतात २०१७ मध्ये मुंबईच्या सिरिल अमरचंद मंगलदास या फर्मने ‘किरा’ नावाचं साधन घेतलं. एखादी कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा तिचे शेकडो करार वाचावे लागतात. मालक बदलला तर हा करार संपतो का? भाडेपट्टा कधी संपतो? दंड किती? अशी कलमं यंत्र वेचून काढतं. पूर्वी हे काम नव्या वकिलांचा एक गट रात्री जागून करायचा.

आणि एक उदाहरण तर थेट महाराष्ट्राचं. २१ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात शिवसेनेतल्या फुटीवरून उद्भवलेल्या सत्तासंघर्षाची सुनावणी घटनापीठापुढे सुरू होती. त्या दिवशी भारतात पहिल्यांदा, न्यायालयात उच्चारलेला प्रत्येक शब्द एआयच्या मदतीने तिथल्या तिथे पडद्यावर उमटला. आपल्या तालुका कोर्टात आजही साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश त्याचा सारांश सांगतात आणि लघुलेखक तो टिपतो. साक्षीदार नेमकं काय म्हणाला यावरून अपिलात वाद होतात. तो नेमका शब्द जपला गेला, तर माझ्या मते एआयने केलेलं ते सगळ्यात मोलाचं काम ठरेल.

मराठी पक्षकाराच्या हाती काय?

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी. मग जमिनीच्या वाटपाचा एक दावा घ्या. वादपत्र मराठीत, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) मराठीत, सातबारा, फेरफार, खरेदीखत सगळं मराठीत, साक्षही मराठीत. अपील उच्च न्यायालयात गेलं की हा सगळा गठ्ठा इंग्रजीत करावा लागतो. भाषांतराचा खर्च पानागणिक, तोही पक्षकाराच्या खिशातून. आणि शेवटी निकाल येतो तो इंग्रजीत. ज्याची जमीन गेली किंवा राहिली, तो वकिलाच्या तोंडाकडे बघत राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ हे भाषांतराचं साधन आणलं. पहिल्या नऊ भाषांत मराठी होती. आज सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल मराठीत वाचायला मिळतात. यंत्राने केलेला मसुदा माणसं तपासतात, आणि प्रत्येक भाषांतरावर सूचना असते की हे पक्षकाराला समजण्यापुरतं आहे, अधिकृत प्रत इंग्रजीच.

ती सूचना का हवी, हे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी सांगितलेल्या एका उदाहरणातून कळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात ‘लीव्ह ग्रँटेड’ असं येतं. अर्थ असा की अपील दाखल करायला परवानगी दिली. यंत्राने त्याचं हिंदीत भाषांतर केलं, सुट्टी मंजूर.

मराठीत असे खड्डे पावलोपावली आहेत. करारातलं ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. ‘पार्टी’ म्हणजे पक्ष नव्हे, पक्षकार. उलट दिशेने तर जास्तच धोका. सातबाऱ्यावर ‘कूळ’ लिहिलेलं असतं. व्यवहारात कूळ म्हणजे वंश, घराणं. जमिनीच्या कायद्यात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि कूळकायद्याने त्याला मोठे हक्क दिलेले आहेत. ‘वहिवाट’ कधी ताबा असते, कधी रस्त्याचा हक्क, कधी नुसती रीत. ‘पोटखराब’ (जमिनीतला लागवडीला अयोग्य भाग) या शब्दाचं यंत्राने काय करावं हे तर त्यालाच माहीत. अशा एका शब्दावर पिढ्यांची भांडणं उभी असतात. गोव्यात याला आणखी एक पदर आहे. तिथला कौटुंबिक मालमत्तेचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे, म्हणजे मूळ कायद्याची भाषाच तिसरी.

भाषांतर यंत्राने करावं. मात्र ते तपासणारा माणूस तलाठ्याच्या दफ्तराची भाषा जाणणारा हवा, नुसता इंग्रजी चांगलं असलेला नको. अशी माणसं आजही आहेत, निवृत्त बेलिफांपासून जुन्या कारकुनांपर्यंत. त्यांच्याकडचं ज्ञान कुणी शब्दकोशात उतरवून यंत्राला दिलं, तर त्याचा फायदा प्रत्येक शेतकऱ्याला होईल.

गुपित कुणाचं?

वकिलाला तुम्ही जे विश्वासाने सांगता ते त्याला तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. हे संरक्षण १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. तीच हकीकत तुम्ही फोनवरच्या अ‍ॅपला सांगितली तर समोर वकील नसतो, त्यामुळे हे संरक्षण त्या संभाषणाला आपोआप मिळत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतःच २०२५ मध्ये ही उणीव बोलून दाखवली.

आपल्याकडे हे अजून पुरेसं कुणी सांगत नाही. घटस्फोटाच्या विचारात असलेली बाई रात्री कुणाला विचारावं कळत नाही म्हणून फोनला सगळं सांगते. नवऱ्याचं नाव, मुलांची शाळा, बँकेतली रक्कम. तिला उत्तर मिळतं, धीरही मिळतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण नावं, पत्ते, आकडे न लिहिताही तो प्रश्न विचारता येतो. आणि वकिलाने अशिलाची कागदपत्रं कुठल्याही फुकट अ‍ॅपमध्ये टाकणं तर माझ्या मते सरळ विश्वासघात आहे.

न्यायाधीशांनी एआय वापरावं का, यावर मत अजून बनतं आहे. मार्च २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात क्रौर्याच्या मुद्द्यावर चॅटजीपीटीला सर्वसाधारण प्रश्न विचारला, पण त्याचा प्रकरणाच्या गुणदोषांशी संबंध नाही असंही नोंदवलं. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच केलं: निष्कर्ष, आदेश किंवा निकाल ठरवायला एआय वापरायचं नाही. मला केरळची रेघ योग्य वाटते.

ज्युनियरचं काय होणार?

नवा वकील सीनियरच्या ऑफिसात पहिली काही वर्षं काय करतो? बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) बघतो, तारखा घेतो, रोजनामा (सुनावणीची नोंद) उतरवतो, निकाल शोधतो, मसुदा लिहितो, सीनियरकडून लाल शाईत खोडून घेतो, पुन्हा लिहितो. मानधन तुटपुंजं. पण शंभर मसुदे खोडले गेल्यावर एकशे एकाव्या वेळी त्याच्या लक्षात येतं, की समोरच्याच्या कैफियतीत मुदतीचा मुद्दा, म्हणजे दावा वेळेत लावला का हा प्रश्न, घ्यायचाच राहिला आहे. ही नजर खोडलेल्या मसुद्यांतून येते.

यंत्र नेमकं हेच काम आधी घेतं. मसुदा दोन मिनिटांत तयार. सीनियरचा वेळ वाचतो, पक्षकाराचे पैसे वाचावेत अशी आशा. तासांवर बिल लावणाऱ्या मोठ्या फर्मना तर पक्षकार आता विचारू लागणारच, की यंत्राने केलेल्या कामाचे दहा तास कशाचे?

पण मग तपासणार कोण? यंत्राच्या मसुद्यातली चूक ओळखायला जी नजर लागते, ती यंत्राने हिरावलेल्या कामातूनच तयार होत होती. माझी खरी काळजी ही आहे. आज तपासणारे सीनियर आहेत, कारण त्यांनी ते काम हाताने केलं आहे. वीस वर्षांनी सीनियर होतील त्यांनी ते केलेलं नसेल. विधी महाविद्यालयांनी आणि वकील संघांनी ठरवून विद्यार्थ्यांना यंत्राशिवाय निकाल वाचायला आणि कैफियत लिहायला लावली पाहिजे, आणि मग यंत्राचा मसुदा हातात देऊन त्यातल्या चुका शोधायला.

अधिवक्ता अधिनियम १९६१ प्रमाणे न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार सनदधारक माणसालाच आहे. वकीलपत्रावर यंत्र सही करत नाही. म्हणजे कागदातल्या चुकीचा जाब विचारला जातो तो त्या माणसालाच.

पडताळणी मात्र आता कुणालाही करता येते, आणि फुकट. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ हे संकेतस्थळ खुलं केलं. तिथे हजारो निकाल मूळ रूपात वाचता येतात. त्या वर्षापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना ‘२०२३ आयएनएससी’ अशा धाटणीचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांवर ‘बीएचसी’ने ओळखू येणारा क्रमांक असतो. तुमच्या स्वतःच्या खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक ‘ई-कोर्ट्स’वर टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. कुणी एखादा निकाल तुमच्यासमोर ठेवला, मग तो माणूस असो वा फोन, तर त्याचा क्रमांक मागा, मूळ निकाल उघडा आणि शेवटच्या पानावरचा आदेश वाचा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे.